शांता आपटे यांना आणखी किती वर्षं ‘तापट’ एवढ्यावरच उरकणार?

प्रति,
मराठी चित्रपटाच्या सुवर्णकाळाचे कार्यक्रम आखणारे निर्माते आणि निवेदनलेखक, जुन्या चित्रपटांचे व गाण्यांचे संग्रह सांभाळणारे अधिकारी, आणि या सगळ्याला लोकांच्या पैशातून अनुदान देणारा महाराष्ट्र शासनाचा सांस्कृतिक कार्य विभाग यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मालिकांतून आई, मावशी, आत्याबाई अशा भूमिका करते आणि जुन्या मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांतून गाते. मध्यंतरी अशाच एका कार्यक्रमाची संहिता हातात पडली. विषय होता प्रभात फिल्म कंपनीचा काळ. दिग्दर्शकांवर पानंच्या पानं होती, तुतारीच्या बोधचिन्हावर वेगळा परिच्छेद होता. त्या काळातल्या गाणाऱ्या नटी शांता आपटे यांच्या वाट्याला चार ओळी आल्या होत्या: दिसायला देखण्या, स्वभावाने तापट, कंपनीच्या दारात उपोषणाला बसल्या, एका संपादकाला म्हणे छडीने झोडपलं. आणि पुढे कंसात लिहिलं होतं, ‘हशा’. त्याच संहितेत त्यांचं गाणं होतं. त्यापुढे गीतकाराचं आणि संगीतकाराचं नाव होतं. जिने ते गायलं आणि पडद्यावर उभं केलं, तिचं नव्हतं.

मी बदल सुचवला. ‘ताई, लोकांना किस्से आवडतात, आणि वेळही नाही,’ असं उत्तर मिळालं. त्या संस्थेचं नाव घेण्यात मला रस नाही, कारण असा मजकूर मी याआधीही वेगवेगळ्या ठिकाणी ऐकला आहे. नावं बदलतात, चार ओळी त्याच राहतात. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना आणि सगळ्यांसमोर.

आधी त्या बाईंनी काय काम केलं ते थोडक्यात लिहिते, कारण तक्रारीचा पाया तोच आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीची मुलगी. पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात गाणं शिकली. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये राधा झाली, समोर कृष्ण म्हणून शाहू मोडक. मग प्रभात. कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आल्यावर १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ आला. तेव्हाचं तंत्र कसं होतं हे आजच्या श्रोत्याला सांगायला हवं. पार्श्वगायन रुळलेलं नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोर स्वतः गात, वाजवणारे चौकटीबाहेर दडून बसत, आणि मायक्रोफोनपासून तोंड हललं की आवाज गेला. त्यामुळे बहुतेक जण गाताना खांबासारखे उभे राहत. शांताबाई त्या बंधनातही हात, मान आणि डोळे गाण्याबरोबर हलवत. ओळीचा अर्थ चेहऱ्यावर आधी येई, स्वर मागून. गाणं म्हणजे अभिनयातली सुट्टी नाही, अभिनयच आहे, हे मराठी पडद्यावर ठसवणाऱ्यांत त्या अगदी आघाडीवर होत्या. मी गायिका आहे म्हणून सांगते, ताल सांभाळून चेहरा मोकळा ठेवणं किती अवघड असतं ते मंचावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

१९३६ ला ‘अमरज्योती’ आणि १९३७ ला ‘कुंकू’. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला, केशवराव भोळ्यांच्या संगीताचा ‘कुंकू’ ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी हे पत्र इथेच थांबवून आधी तो पाहावा. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली नीरा. ती रडत बसत नाही, पळून जात नाही, त्या घरातच राहून त्या लग्नाला नकार देते. केशवराव दात्यांचे काकासाहेब, त्यांचं ते भिंतीवरचं घड्याळ आणि ही तरणी पोर, या तिघांच्यात चित्रपट घडतो. सबंध चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं: पावलं, दारं, भांडी, टिकटिक. अशा शांततेत नटाला लपायला जागा नसते. सारंगीचा सूर मदतीला येत नाही. नीरा उंबऱ्याशी उभी राहते, काही बोलत नाही, आणि तरी तिच्या मनात काय चाललंय ते आपल्याला कळतं, ते केवळ त्या बाईंच्या ताकदीवर. मोठा सावत्र मुलगा अंगचटीला येतो तेव्हा ती छडी उचलते आणि त्याला फोडून काढते. १९३७ साली पुण्यामुंबईच्या थिएटरात बसलेल्या बायकांना ते बघताना काय वाटलं असेल!

याच चित्रपटात त्यांनी अमेरिकन कवी लाँगफेलोची इंग्रजी कविता गायली आहे. नंतर १९३८ च्या ‘गोपालकृष्ण’मध्ये मास्टर कृष्णरावांच्या चालींवर राधा, आणि कृष्ण होते राम मराठे. एकाच गळ्यातून इतकं वेगवेगळं काम निघालं.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार त्या उपोषणाबद्दल आहे. जुलै १९३९ मध्ये पगाराच्या वादातून शांताबाई प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या, ही गोष्ट तुम्ही विनोद म्हणून सांगता. त्या काळची व्यवस्था सांगत नाही. कलाकार कंपनीचा पगारी नोकर असे. करार संपेपर्यंत दुसरीकडे काम करायचं नाही, काम कधी मिळणार ते कंपनी ठरवणार, खाडे धरून पगार कापायचा की नाही तेही कंपनीच ठरवणार. अशा वेळी एकट्या बाईने काय करायचं? त्याच वर्षी मार्चमध्ये गांधीजी राजकोटला उपोषणाला बसले होते. दिलेला शब्द पाळला गेला नाही की अन्न सोडायचं, हे हत्यार देशाला माहीत होतं आणि आदरणीय वाटत होतं. शांताबाईंनी तेच आपल्या मालकाच्या दारात वापरलं. आघाडीची नायिका, ‘कुंकू’ने देशभर नाव झालेली, आपल्या पगारासाठी फाटकाशी बसते, याला मराठी चित्रपटाच्या इतिहासात कलाकाराच्या हक्काचा प्रसंग म्हणून जागा हवी. प्रभातचं मोठेपण त्यामुळे कमी होत नाही. ‘कुंकू’ त्याच कंपनीने काढला, आणि भांडणही तिथेच झालं. दोन्ही सांगा.

माझा यात जीव का अडकतो तेही लिहिते. आमच्या मालिकांच्या धंद्यात नव्वद दिवसांनी पेमेंट ही रूढ पद्धत आहे. एप्रिलमध्ये केलेलं काम जुलैअखेर खात्यात आलं तर नशीब. मालिका बंद पडली की शेवटच्या दिवसांचं मानधन लोंबकळत राहतं. सातचा कॉल टाइम, बारा तासांची शिफ्ट, बँकिंग, म्हणजे पुढचे भाग आधीच चित्रित करून ठेवणं, करायचं असेल तर त्याहून जास्त, आणि रात्री घोडबंदरच्या सेटवरून घरी पोहोचायचं आपलं आपण. फोन करून पैसे मागितले की ‘या फार कटकट करतात’ असा शिक्का बसतो आणि कथानकातला पुढचा ट्रॅक दुसऱ्या कुणाला जातो. हा शिक्का पंच्याऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी कुणावर बसला होता, हे जेव्हा मी तुमच्या संहितेत वाचते तेव्हा ते मला जुनं वाटत नाही. सेटवरच्या तरुण मुलींनी हेच ऐकायचं का, की पगार मागणारी बाई म्हणजे हशाचा विषय?

छडीच्या किश्श्याबद्दल एवढंच म्हणेन: तो सांगोवांगीचा आहे, आणि नीराच्या हातातल्या छडीमुळे तो लोकांना चटकन पटतो. सांगोवांगीचं आहे ते तसंच सांगा. आणि सांगायचंच असेल तर त्या काळची काही मासिकं नट्यांच्या खाजगी आयुष्याबद्दल काय काय छापत होती, त्यातलेही दोन नमुने वाचून दाखवा.

दुसरी तक्रार पुस्तकाची. १९४० मध्ये शांताबाईंनी ‘जाऊ मी सिनेमात?’ नावाचं पुस्तक लिहिलं. कारकिर्दीच्या ऐन भरात असलेल्या नटीने लिहिलेलं हे पुस्तक आठवणींचं नाही, गॉसिपचं तर नाहीच. सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींना समोर बसवून त्यांनी या धंद्याची रचना समजावून सांगितली आहे: पैसा कोण घालतो, नफा कोण नेतो, कलाकाराचं शरीर आणि मन त्यात कसं झिजतं, थकवा म्हणजे नक्की काय. स्टुडिओकडे कारखाना म्हणून आणि नटाकडे त्यात राबणारा माणूस म्हणून बघणारं इतकं स्पष्ट मराठी लिखाण मला त्या काळातल्या दुसऱ्या कुणा कलाकाराचं सापडलेलं नाही. परदेशी विद्यापीठांतले चित्रपट-अभ्यासक या पुस्तकावर इंग्रजीत निबंध लिहितात, त्यातले उतारे भाषांतर करून छापतात. मला मात्र ते मराठीत वाचायला एका स्नेह्यांकडून झेरॉक्स मिळवावी लागली. कडेची अक्षरं कापली गेलेली, काही पानं इतकी फिकट की दिव्याखाली धरून वाचली. वाचताना मी पुन्हा पुन्हा थांबत होते, कारण मेकअप रूममध्ये आम्ही बायका आपसात जे कुजबुजतो ते या बाईंनी १९४० साली उघड छापलं होतं.

इथे एक साधी कायद्याची गोष्ट. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. शांताबाई २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत अंधेरीला वारल्या. म्हणजे ३१ डिसेंबर २०२४ ला ती मुदत संपली. १ जानेवारी २०२५ पासून हे पुस्तक कुणालाही छापता येतं. परवानगीची अडचण आहे, हे कारण आता कुणाला देता येणार नाही.

तिसरी तक्रार प्रभातनंतरच्या कामाची. तुमच्या कार्यक्रमांत शांता आपटे १९३९ ला संपतात. फाटकाशी बसल्या आणि गोष्ट संपली. वास्तविक त्यानंतर त्यांनी जे केलं ते त्या पिढीतल्या फार थोड्यांना जमलं. १९४१ मध्ये ‘सावित्री’ हा तमिळ चित्रपट केला, आणि तोही तमिळ शिकून. त्यात नारदाच्या भूमिकेत कर्नाटक संगीताच्या थोर गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी होत्या! दुधनीची मुलगी आणि मदुराईची मुलगी एका चित्रपटात, या एका गोष्टीवर अख्खा कार्यक्रम होऊ शकतो. १९४२ मध्ये लाहोरचे निर्माते पंचोली यांच्या ‘जमीनदार’मध्ये त्या होत्या. त्याच वर्षी देवकी बोस यांचा ‘अपना घर’, मराठीत ‘आपले घर’. १९४६ मध्ये मास्टर विनायकांच्या ‘सुभद्रा’त त्यांनी वसंत देसाईंच्या संगीतात एका सतरा वर्षांच्या मुलीबरोबर गाणं गायलं, त्या मुलीचं नाव लता मंगेशकर. भालजींच्या ‘वाल्मीकि’त पृथ्वीराज कपूर होते, नारद झाले होते तरुण राज कपूर, आणि शांताबाई होत्या. १९४८ चा ‘भाग्यरेखा’, त्यात पु. ल. देशपांडे. १९४९ चा ‘स्वयंसिद्धा’. पुणे, मद्रास, लाहोर, कलकत्त्याकडचे दिग्दर्शक, मुंबई, कोल्हापूर, इतका पल्ला. एका कंपनीशी भांडली म्हणून संपली, हे खोटं आहे, आणि ते ऐकून घरी जाणाऱ्या श्रोत्याची फसवणूक आहे.

पन्नाशीच्या दशकात काम कमी झालं, हे खरं. तोवर गाणारे नट ही जातच मागे पडत होती. आवाज एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा, ही पद्धत पक्की झाली होती. हा बदल फक्त त्यांच्यावर आला नाही, पण गाणं आणि अभिनय एकजीव करणाऱ्या नटीला तो जास्त लागला असणार.

चौथी गोष्ट नावाची. गाण्याच्या तबकडीवर, कॅसेटवर आणि आता मोबाइलवर, शांताबाईंची गाणी अनेकदा ‘जुनी मराठी गाणी’, ‘प्रभात हिट्स’ अशा ढिगात मिळतात. २०१२ च्या स्वामित्वहक्क कायद्यातल्या दुरुस्तीने आज गाणाऱ्याला आपलं नाव लावून घेण्याचा नैतिक हक्क दिला आहे. १९३७ च्या गायिकेला तो मागता येणार नाही, म्हणून आपण तो पाळायचा नाही का? नाव लिहायला एक ओळ लागते.

आणि चित्रपटांच्या प्रतींबद्दल. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली फेब्रुवारी १९६४ मध्ये, म्हणजे शांताबाई गेल्या त्याच महिन्यात, आणि तेही पुण्यात. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या मूळ फिल्म त्यात जळाल्या. ते नुकसान भरून येणारं नाही. म्हणून जे उरलं आहे त्याची किंमत वाढते. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानात २२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनाची घोषणा केंद्र सरकारने २०२२ मध्ये केली. त्या यादीत शांता आपटे यांचे किती चित्रपट आहेत आणि किती कायमचे गेले, हे माझ्यासारख्या साध्या प्रेक्षकाला एका जागी वाचता आलं पाहिजे.

माझ्या मागण्या अवघड नाहीत.

‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापावं. मूळ मजकूर एकही ओळ न गाळता, त्या काळच्या संदर्भांच्या टिपांसह, आणि मंडळाच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येईल असं. दोन प्रस्तावना असाव्यात: एक चित्रपट-अभ्यासकाची, एक या धंद्यात आज राबणाऱ्या कुणा कलाकाराची.

‘कुंकू’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ या दोन्हींच्या उत्तम प्रती मराठी आणि इंग्रजी उपशीर्षकांसह लोकांसाठी खुल्या कराव्यात. १९३७ च्या चित्रपटाची साठ वर्षांची मुदत केव्हाच उलटली आहे. ध्वनीवर खास मेहनत घ्यावी, कारण हा चित्रपट ऐकण्याचा आहे. खरखर काढण्याच्या नादात ती घरातली शांतता पुसू नये.

शांता आपटे यांचे उपलब्ध, अपुरे आणि नष्ट झालेले चित्रपट अशी यादी जाहीर करावी, आणि ज्यांच्या घरी जुन्या तबकड्या, छायाचित्रं, पुस्तिका, करारपत्रं असतील त्यांना ती संग्रहाला देण्याचं आवाहन करावं. मराठी घरांतल्या माळ्यांवर अजून बरंच काही पडून आहे. दर दिवाळीच्या आवराआवरीत त्यातलं थोडं रद्दीत जातं.

निवेदनलेखकांनो, तुमच्याकडे मागणी वेगळी. किस्सा काढू नका म्हणत नाही. उपोषणाचा प्रसंग सांगाच, पण करार आणि पगारासकट सांगा. गाण्याआधी गायिकेचं नाव घ्या. आणि ‘सावित्री’बद्दल दोन मिनिटं बोला. लोक ऐकतात. मी माझ्या कार्यक्रमात हे सांगून पाहिलं आहे. मध्यंतरात वयस्कर प्रेक्षकांपेक्षा कॉलेजच्या मुलीच जास्त येऊन विचारतात की ते पुस्तक कुठे मिळेल.

सांस्कृतिक कार्य विभागाकडे शेवटची मागणी, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाच्या, महोत्सवाच्या आणि चित्रपटाच्या करारात एक अट घाला: कलाकार आणि तंत्रज्ञांचं मानधन काम संपल्यापासून तीस दिवसांच्या आत द्यायचं, आणि ते दिल्याची पावती जोडल्याशिवाय अनुदानाचा शेवटचा हप्ता सोडायचा नाही. यात वादक आले, वेशभूषा सांभाळणाऱ्या बायका आल्या, स्पॉटदादा आले. सुवर्णकाळाचा कार्यक्रम करायचा आणि तबलजीला तीन महिने फिरवायचं, हे बंद व्हायला हवं.

या पत्राचं उत्तर मला घरच्या पत्त्यावर नको. ते जाहीर द्यावं, आणि कोणती मागणी कधीपर्यंत पुरी होईल, कोणती होणार नाही आणि का, हे त्यात लिहावं. येत्या २४ फेब्रुवारीच्या आत ते यावं, अशी विनंती. त्या दिवशी आम्ही काही कलाकार पुण्यात एकत्र बसून ‘जाऊ मी सिनेमात?’चं जाहीर वाचन करणार आहोत. उत्तर आलं असेल तर तेही तिथे वाचू. आलं नसेल तर तसं सांगू.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मालिकांतून काम करणारी एक चरित्र अभिनेत्री आणि गायिका